घोड्याच्या खुराला भेग? आधी तिची दिशा बघा!

अश्वप्रेमींनो, खुराला भेग दिसली की पहिला प्रश्न हा: ती खालून वर चढतेय की वरून खाली उतरतेय?

जमिनीकडून वर जाणारी उथळ भेग बहुतेकदा जास्त वाढलेल्या, पसरट खुरामुळे पडते. नालबंदाने वेळेवर खूर तासून कड गोल केली की ती सहसा आटोक्यात येते. पायावरचे केस जिथे संपतात, त्या कडेपासून खाली येणारी भेग मात्र गंभीर. खूर तिथूनच उगवतो. त्या जागी इजा झाली किंवा खुरावर भार असमान पडत राहिला, तर नवा खूरही चिरलेलाच वाढतो.

खुराची भेग सांधली जात नाही. नखातल्या भेगेसारखी ती वाढीबरोबर खाली सरकते आणि छाटली जाते. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो. पुढच्या बाजूला पूर्ण नवा यायला ९ ते १२ महिने लागतात. खुरासाठी बायोटिन हे जीवनसत्त्व दिलं तरी फरक नव्या वाढीतच दिसतो.

🐴 दर ४ ते ८ आठवड्यांनी खूर तासून घ्या.
🐴 खूर रोज साफ करा. तो सतत ओला-कोरडा होऊ देऊ नका; त्याने तो कमजोर होतो.
🐴 घाण किंवा पू असलेली भेग वरून बुजवू नका; संसर्ग आत कोंडतो.

रक्त, पू किंवा लंगडणं दिसलं, तर घरगुती उपाय नकोत. त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा आणि नालबंदालाही सोबत घ्या.