एसटीच्या वाटेवरचा विमानतळ

राज्यातली पहिली एसटी धावली ती पुणे–नगर रस्त्यावर, १ जून १९४८ रोजी. बेडफर्डची गाडी, तीस आसनं, निळा-चंदेरी रंग. स्टेअरिंगवर किसन राऊत आणि तिकिटं फाडायला लक्ष्मण केवटे. शिरूर, म्हणजे जुन्या माणसांचं घोडनदी, या वाटेवरचं मोठं गाव. एसटीच्या वर्धापनदिनी ही कहाणी दरवर्षी सांगितली जाते. तिच्यात एक गोष्ट मात्र राहून जाते. बेडफर्ड धावली तेव्हा रस्त्याच्या उत्तरेला लोहगावची धावपट्टी तयार होती. ब्रिटिशांनी ती १९३९ मध्ये हवाई दलासाठी बांधली होती. म्हणजे महाराष्ट्राची एसटी जन्माला आली तीच विमानतळाच्या शेजारून जात. पाऊणशे वर्षं उलटली, तरी या शेजाऱ्यांचं एकमेकांकडे जाणं-येणं नाही.

नकाशा पाहिला तर हे आणखी खटकतं. शिरूरहून पुण्याला निघालं की रांजणगाव, शिकरापूर, कोरेगाव भीमा, लोणीकंद, वाघोली, खराडी आणि मग विमाननगर. पुणे शहर खऱ्या अर्थानं सुरू व्हायच्या आधीच विमानतळाचा फाटा येतो. औंध-कोथरूडच्या माणसाला अख्खं शहर ओलांडून लोहगाव गाठावं लागतं, शिरूरकराला नाही. तरीही एसटीनं विमान गाठणारा शिरूरकर विरळाच. गावातली ओळखीची गाडी ठरवायची, सोडायला घरातल्या चौघांनी जायचं आणि येताना वाघोलीला जेवून यायचं, असा एकूण रिवाज.

विमानात बसणारे काही आता मोजके राहिलेले नाहीत. रांजणगावच्या एमआयडीसीत कोरियन, इटालियन, चिनी कंपन्यांचे कारखाने आहेत. त्यांचे साहेब आणि इंजिनिअर सतत ये-जा करतात. सुटीवर आलेला जवान श्रीनगरला परततो तो पूर्वीसारखा झेलम एक्स्प्रेसनेच जाईल असं नाही. दिल्ली-वाराणसीला निघालेल्या यात्रेकरूंच्या घोळक्यात पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या आजी असतात. त्यांच्या हातातल्या पिशवीतली लोणच्याची बरणी तपासणीच्या यंत्रापाशी बाहेर काढली जाते, तेव्हा विमान म्हणजे एसटी नव्हे हे त्यांना पहिल्यांदा कळतं. एसटीत पोतं, कोंबडी, सायकल सगळं चाललं. इथे पंधरा किलोच्या वर गेलं की पैसे मोजा.

एसटीनं जायचंच ठरवलं तर काय होतं? शिरूरच्या स्टँडवर पुण्याकडची गाडी मिळायला अडचण नाही. नगर, मराठवाडा, विदर्भाकडून येणाऱ्या कितीतरी गाड्या इथूनच जातात. मोठी बॅग डिकीत. तिकीट मागताना ‘विमाननगर’ म्हटलं की कंडक्टर एकदा बॅगेकडे बघतो, मशिनमधून तिकीट काढून देतो आणि बजावतो, “खराडी गेलं की दारापाशी या, चौकात गाडी जास्त थांबणार नाही.” मग डिकी उघडायला खाली उतरायचं, मागून हॉर्न, आणि डबल बेल देऊन गाडी पुढे. उरलेल्या दोन-तीन किलोमीटरला रिक्षावाला मागेल ते. या तुकड्याचे पैसे आणि शिरूर ते विमाननगरचं एसटीचं तिकीट यांची तुलना न केलेली बरी, विशेषतः बाईमाणसाचं तिकीट अर्धं असताना.

शहराच्या बाजूनं थोडं बरं आहे. पीएमपी या शहर बससेवेनं २०२० मध्ये विमानतळासाठी ‘अभि’ नावाच्या बस सुरू केल्या आणि मार्च २०२४ पासून मेट्रो रामवाडीपर्यंत येते. पण ही सगळी रचना पश्चिमेकडून येणाऱ्यासाठी केलेली आहे. पूर्वेकडून कोणी विमानाला येत असेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नसावं. नगर रस्त्यावर येरवडा ते वाघोली बीआरटीही होती. २०१६ मध्ये सुरू झाली आणि काही वर्षांत उखडलीसुद्धा.

ऑक्टोबर २०२१ मध्ये विमानतळ आणि एसटी या दोन्ही व्यवस्थांची एकदमच परीक्षा झाली. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची. नागरी विमानं तिथं पाहुणी. दुरुस्तीसाठी १६ ते २९ ऑक्टोबर धावपट्टी पूर्ण बंद राहिली. ती उघडते न उघडते तोच एसटीचा संप पेटला, आणि तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. धावपट्टीच्या बंदची बातमी देशभर झाली. संपात शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या पोरांचं कॉलेज बुडालं, म्हाताऱ्यांचा दवाखाना लांबला. त्याची बातमी पहिल्या आठवड्यानंतर कोणाला नको होती. पीएमपीनं तेव्हा गावांकडे गाड्या सोडल्या होत्या. संप मिटल्यावर एसटीनं हद्दीचा मुद्दा काढला आणि त्यातले बरेच मार्ग बंद झाले. हद्दीचा हा वाद प्रवाशाला कधी कळलेला नाही, कळायचं कारणही नाही.

दौंडची गोष्ट वेगळी. ते रेल्वेचं गाव. मनमाडची लाइन १८७८ मध्ये इथूनच फुटली. दौंडकराची पहिली धाव स्टेशनकडे, आणि पासधारकांची जुनी मागणी आहे ती पुणे–दौंड लोकलची. विमानासाठी पुणे स्टेशनला उतरून उलट पूर्वेकडे यायचं, नाहीतर सोलापूर रस्त्यानं येऊन थेऊर फाट्यावरून केसनंदमार्गे वाघोली गाठायची. मात्र पुरंदरचा विमानतळ झाला तर हे गणित पार फिरेल. २०१६ मध्ये जाहीर झालेला हा प्रकल्प पारगाव, खानवडी, एखतपूर, मुंजवडी, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी या सात गावांच्या जमिनीवर आहे, आणि तिथल्या शेतकऱ्यांनी त्याला कडवा विरोध केला आहे. ही गावं यवतच्या नैर्ऋत्येला, भुलेश्वरच्या डोंगरापलीकडे. म्हणजे विमान दौंडच्या जवळ येईल आणि शिरूरपासून दूर जाईल; शिरूरकराला न्हावरे, चौफुला करत भीमा ओलांडावी लागेल. तो विमानतळ कधी होईल ते होवो, लोहगावातून विमानं आज उडताहेत.

आणि शिरूरकराला एसटीनं थेट लोहगावला पोचवायला नवी बस घ्यायचीही गरज नाही. पहाटे पाचच्या विमानाला तीनला पोचायचं, तर शिरूरहून दीडला निघायला हवं. त्या वेळी मराठवाड्यातून पुण्याकडे येणाऱ्या रातराण्या शिरूरवरूनच जातात आणि विमाननगरच्या चौकातूनही. त्यांतल्या दोन गाड्या चौकातून आत वळवायला विमानतळावर एक थांबा लागतो, वेळापत्रकात एक ओळ लागते आणि तिकिटाच्या मशिनमध्ये एका नव्या टप्प्याची नोंद.