झिजलेले क्रेडिट कार्ड बदलून घेताना

क्रेडिट कार्डावर छापलेली मुदत चार-पाच वर्षांची असली, तरी प्लास्टिक तेवढे टिकतेच असे नाही. जेमतेम ०.७६ मिलिमीटर जाडीचे हे कार्ड मागच्या खिशातल्या पाकिटात वाकते, घामाने दमट होते आणि मशीनच्या फटीत शेकडो वेळा आत-बाहेर करते. मग एक दिवस दुकानदार ते शर्टाच्या बाहीवर पुसून पुन्हा खोचतो, तरी मशीन कार्ड घेत नाही. अशा वेळी बँकेकडे बदली कार्ड मागता येते. पण त्याआधी कार्डाचा नेमका कोणता भाग निकामी झाला आहे, ते पाहणे बरे.

एकाच कार्डात व्यवहाराच्या तीन वाटा असतात. समोर दिसणारा सोनेरी चौकोन म्हणजे खरी चिप नव्हे. ते मशीनला टेकणारे संपर्कबिंदू. चिप त्यांच्या मागे दडलेली असते. संपर्कबिंदूंवर मळ बसला असेल तर कोरड्या मऊ कापडाने पुसून काम भागते, पण ओरखडे खोल असतील किंवा चौकोन एका बाजूने उचलला गेला असेल तर इलाज नाही. दुसरी वाट ‘टॅप’ची. त्यासाठी प्लास्टिकच्या थरांमध्ये बहुधा तांब्याची बारीक तार वेटोळ्यासारखी फिरवलेली असते. कार्डाला कडेने चीर गेली की ही तार तुटते आणि टॅप बंद पडते. खोचल्यावर मात्र तेच कार्ड बिनतक्रार चालते. तिसरी वाट मागच्या काळ्या चुंबकीय पट्टीची. ती झिजली तरी भारतात आता फारसे अडत नाही. केवळ पट्टीवर चालणारी जुनी कार्डे बदलून चिपची कार्डे देण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत ठरवली होती. मास्टरकार्डने तर २०३३पर्यंत आपल्या कार्डांवरून ही पट्टी पूर्णपणे हद्दपार करण्याचे जाहीर केले आहे.

उठावाचे आकडे पुसट होणे हा झिजेचा सर्वांत ठळक, पण सर्वांत निरुपद्रवी प्रकार. ते आकडे कार्बन कागदावर कार्डाचा ठसा घेण्याच्या जमान्यातले. आजच्या मशीनला त्यांचे काही पडलेले नसते. मागचा तीन आकडी सीव्हीव्ही पुसला गेला, तर मात्र ऑनलाइन खरेदीत अडचण होते. आणि एकाच मशीनवर कार्ड नाकारले गेले, तर दुसऱ्या दुकानात करून पाहावे. पुष्कळदा दोष मशीनचा निघतो.

अर्ज करणे तसे सोपे असते. बँकेचे अ‍ॅप, नेट बँकिंग किंवा कस्टमर केअर, यांपैकी कुठूनही तो करता येतो. शाखेत खेप घालण्यात फारसा अर्थ नाही. क्रेडिट कार्डाचा विभाग बहुधा वेगळा असतो आणि शाखेतले कर्मचारी शेवटी कस्टमर केअरचाच नंबर हातात ठेवतात. खरी काळजी घ्यायची ती पर्याय निवडताना. ‘कार्ड खराब झाले’ आणि ‘कार्ड हरवले’ हे दोन वेगळे पर्याय आहेत. हरवल्याची नोंद झाली की जुना क्रमांक तत्काळ आणि कायमचा बंद होतो, आणि नवे कार्ड नव्या क्रमांकाचे येते. खराब कार्डाच्या बाबतीत अनेक बँका तोच क्रमांक ठेवून फक्त नवे प्लास्टिक पाठवतात. काही बँका नवे कार्ड सुरू होईपर्यंत जुने चालूही ठेवतात. हे प्रत्येक बँकेचे वेगळे असते, म्हणून क्रमांक बदलणार का आणि जुने कार्ड कधी बंद होणार, हे दोन प्रश्न अर्ज करतानाच विचारून घ्यावेत. घाईघाईत ‘हरवले’वर बोट ठेवणाऱ्याचे कार्ड हातात असूनही त्याच क्षणी निरुपयोगी होते.

बदली कार्डासाठी बँका बहुधा थोडे शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लावतात. धातूच्या कार्डाला खर्च अधिक. मुदत संपायला थोडेच महिने उरले असतील आणि कार्ड कसेबसे चालत असेल, तर थांबणे शहाणपणाचे. मुदतीनंतरचे नवे कार्ड बँक सहसा आपणहून पाठवते. पत्ता मात्र आधी तपासावा. घर बदलून वर्ष झाले तरी बँकेत जुनाच पत्ता असतो, आणि कार्ड तिथल्या दारावरून परत जाते.

कार्ड बदलले तरी खाते तेच राहते. पतमर्यादा, बिलाची तारीख, चालू हप्ते आणि जमलेले पॉइंट यांत सहसा फरक पडत नाही. गोंधळ होतो तो आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचा. विम्याचा हप्ता, वीजबिल, चित्रपटांच्या अ‍ॅपची वर्गणी असे काही कार्डाला जोडलेले असते. ऑक्टोबर २०२२पासून व्यापाऱ्यांना कार्डाचा क्रमांक स्वतःकडे साठवता येत नाही. त्याऐवजी ‘टोकन’ वापरले जाते. कार्ड बदलल्यावर ते आधीच्या व्यापाऱ्यांशी पुन्हा जोडण्यासाठी बँकेने ग्राहकाची स्पष्ट संमती घ्यावी, असा नियम आहे. तो संमतीचा संदेश नजरेआड झाला, तर हप्ता चुकल्याचे पुढच्या महिन्यात कळते. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडले असेल आणि क्रमांक बदलला असेल, तर तेही नव्याने जोडावे लागते.

नवे कार्ड हाती आले की ते पूर्ण मोकळे असेल, अशी अपेक्षा करू नये. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमानुसार नवे किंवा बदली कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर खोचून चालते. ऑनलाइन, टॅप आणि परदेशातले व्यवहार ग्राहकाने अ‍ॅपमधून स्वतः सुरू करायचे असतात. नवे कार्ड टॅप होत नाही म्हणून ते सदोष ठरवणाऱ्यांनी आधी ही बटणे पाहावीत. पिन जुनाच चालेल की नवा करावा लागेल, हे बँकेच्या पत्रात दिलेले असते. कार्ड तीस दिवसांहून अधिक काळ सुरूच केले नाही, तर बँक ओटीपीने संमती मागते आणि ती न मिळाल्यास खाते बंद करण्याच्या मार्गाला लागते. बदली कार्डाच्या बाबतीत त्याआधी थकबाकी चुकती करावी लागते.

याच काळात फसवे फोनही येतात. ‘तुमचे कार्ड जुने झाले आहे, नवे पाठवतो, ओटीपी सांगा’ हा साचा ठरलेला. खऱ्या अर्जात बँक कार्डाचा पिन किंवा सीव्हीव्ही फोनवर विचारत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपवर अ‍ॅपची फाइलही पाठवत नाही. फोन आला तर तो ठेवून कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर स्वतः फोन करावा. तो नंबरही पुसला गेला असेल, तर बिलावर सापडतो.

जुने कार्ड नवे सुरू झाल्यावरच नष्ट करावे. कात्री चिपमधून आणि काळ्या पट्टीतून आडवी जायला हवी, क्रमांक आणि सीव्हीव्हीचे तुकडे व्हायला हवेत, आणि सगळे तुकडे एकाच कचऱ्यात जाऊ नयेत. क्रमांक तोच राहिला असेल तर ही काळजी अधिकच घ्यावी. धातूचे कार्ड घरच्या कात्रीला दाद देत नाही. ते परत कसे करायचे, हे बँकेलाच विचारावे. बदली कार्ड आलेच नाही, किंवा न सांगितलेले शुल्क बिलात दिसले, तर प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा. तीस दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्यासाठी पैसे पडत नाहीत.