गादी बदलावी की तिचा थर?

पूर्वी काही वर्षांच्या अंतराने दारी पिंजारी येई. दबलेल्या गाद्या अंगणात निघत, खोळ उसवून कापूस पिंजला जाई आणि तीच गादी पुन्हा फुलून येई. जो भाग दमला, तेवढाच सावरावा, हे त्या रीतीतले शहाणपण आजच्या काथ्याच्या, फोमच्या वा स्प्रिंगच्या गादीलाही लागू पडते.

अशा गादीचे साधारणतः दोन भाग असतात. तळाशी भार पेलणारा घट्ट गाभा आणि त्यावर खांदे, कंबर व नितंब यांना सामावून घेणारा मऊ थर. बहुधा हा वरचा थर आधी दबतो. कमरेच्या जागी खळगा पडतो, पाठीचा कणा रात्रभर वाकलेला राहतो आणि सकाळी उठताना कंबर धरते.

आधी दोष शोधावा

चादर काढून गादीवर आडवी दोरी ताणून धरावी, म्हणजे खळगा नजरेस येतो. मग खोळीची चेन किंवा शिवण उघडून, वरचा फोम दूर करून गाभ्यावर तीच दोरी पुन्हा धरावी. गाभा सपाट असेल तर त्यावर नवा थर घालणे सार्थ ठरते. गाभाच खचला असेल, तर वरचा उत्तम थरही त्याच खळग्याचा आकार घेतो आणि खर्च वाया जातो. काथ्याचा भुगा पडत असेल, बुरशीचा वास येत असेल किंवा ढेकूण झाले असतील, तर त्या गादीचा मोह सोडावा. पलंगाची वाकलेली फळीही कधी कधी खरी दोषी असते.

लॅटेक्सचा थर

रबराच्या झाडाच्या चिकापासून लॅटेक्सचा फेस तयार होतो. तो दाबला तरी चटकन मूळ आकार घेतो. डनलॉप पद्धतीचा थर काहीसा घट्ट, तर टॅलले पद्धतीचा बहुधा अधिक मऊ असतो. घेताना तो नैसर्गिक, कृत्रिम की मिश्र, हे विचारून घ्यावे. पाठीवर झोपणाऱ्यास साधारण २ इंच पुरतात. कुशीवर झोपणाऱ्याच्या खांद्याला ३ इंच सुखावह वाटतात.

‘पाठ दुखते, तर फळीवर झोपा’ हा आपल्याकडील परिचित सल्ला. परंतु २००३ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, स्पेनमधील ३१३ कंबरदुखीग्रस्तांवरील अभ्यासात कठीण गादीपेक्षा मध्यम घट्ट गादी अधिक हितकर ठरली. म्हणून गाभा घट्ट आणि वरचा थर मऊ, हा मेळ साधावा.

नवा थर गाभ्यावर नुसता ठेवला तरी पुरतो. कोपऱ्याला धरून ओढल्यास लॅटेक्स फाटते. दोघांनी खालून आधार देऊन ते उचलावे. जुनी खोळ तोकडी पडत असेल, तर एकूण उंची मोजून ताणली जाणारी सुती खोळ शिवून घ्यावी.

ऊन दाखवू नये

कापसाच्या गादीला गच्चीवर ऊन देण्याची आपली सवय चांगली. पण लॅटेक्सला ती मारक आहे. उन्हाने ते कडक होऊन तडकते. खोळ धुऊन उन्हात वाळवावी, लॅटेक्सला मात्र सावलीत वारा द्यावा.

घरात कोणास रबराची ॲलर्जी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. तान्ह्या बाळाला अशा मऊ थरावर झोपवू नये. त्याला सपाट, घट्ट अंथरूणच सुरक्षित. आणि दुखण्याबरोबर पायात मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा असेल, तर तो गादीचा प्रश्न समजून वेळ दवडू नये, त्वरित डॉक्टरांकडे जावे.

उरलेल्या प्रसंगी नवी गादी विकत घेण्यापूर्वी जुनीची खोळ एकदा उघडून पाहावी. पिंजारीही तिथूनच आरंभ करीत असे.