टांग डावीकडूनच का?

"ओ दादा, स्टँड!"

महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात सिग्नलला दहा मिनिटं उभे राहा, ही हाक ऐकू येईल. एरवी शेजारच्या बिऱ्हाडाशी न बोलणारी माणसंसुद्धा अनोळखी मोटारसायकलवाल्याला हे सांगायला रिक्षातून मान बाहेर काढतात. खाली राहिलेला तो साइड स्टँड गाडीच्या डाव्या बाजूला असतो. गाडीवर कुठल्या बाजूनं बसायचं आणि कुठल्या बाजूनं उतरायचं, याचं खरं उत्तर त्या एका लोखंडी पायात आहे.

मला हा प्रश्न भाचीमुळे पडला. ती गाडी शिकत होती. सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझी मोटारसायकल साइड स्टँडवर उभी होती, आणि डावीकडे कुणीतरी स्कूटर चिकटवून लावली होती. भाची सरळ उजवीकडे गेली. "मामा, इकडून बसलं तर काय होतं?" असं विचारता विचारताच तिनं डावा पाय उचलला. स्टँडवरची गाडी डावीकडे कललेली असते, त्यामुळे उजवीकडून सीट नेहमीपेक्षा चार बोटं उंच भासते. तिची टाच सीटला अडली, तोल सावरायला तिनं हँडल स्वतःकडे ओढलं, गाडी स्टँडवरून उचलली गेली, क्षणभर सरळ उभी राहिली आणि मग तिच्याच अंगावर यायला लागली. दोघांनी मिळून धरली म्हणून निभावलं.

तिच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच मिळालं होतं, पण ते नीट उलगडून सांगण्यासारखं आहे. स्टँडवर उभी असलेली मोटारसायकल तीन ठिकाणी टेकलेली असते: पुढचं चाक, मागचं चाक आणि डावीकडचा स्टँड. उजवीकडे आधार काहीच नसतो. डावीकडून बसणारा माणूस ज्या बाजूला आधार आहे त्याच बाजूला उभा असतो. गाडी त्याच्याकडे झुकलेली, सीट खाली आलेली, आणि चुकून धक्का लागलाच तर गाडी पुन्हा स्टँडवरच येऊन टेकणार. उजवीकडून बसणाऱ्याला मात्र गाडी आधारापासून दूर, स्वतःकडे ओढावी लागते. स्प्लेंडर साधारण 112 किलोची, क्लासिक 350 तब्बल 195 किलोची. सरळ उभी आहे तोवर एवढी जड गाडीही दोन बोटांवर तोलता येते. एका मर्यादेपलीकडे कलली की मात्र पैलवानालाही आवरत नाही.

म्हणून मी बसण्या-उतरण्याकडे देवघेव म्हणून पाहतो. बसताना स्टँडवरचा भार आपण आपल्या पायांवर घेतो, उतरताना तो स्टँडला परत देतो. मधल्या काळात गाडी कुणाच्याच ताब्यात नाही, असा क्षण येता कामा नये.

आता ही डावी बाजू ठरली कशी? सर्वसाधारणपणे दिलं जाणारं कारण घोड्याचं आहे. उजव्या हातानं तलवार चालवणाऱ्याची तलवार डाव्या कमरेला लटकते. उजवीकडून चढायचं तर तलवारीकडचाच पाय वर टाकावा लागणार आणि म्यान मध्ये येणार. त्यापेक्षा डावा पाय रिकिबीत, उजव्या पायाची टांग पलीकडे आणि मांड पक्की, हे सोयीचं. घोडे गेले तरी सवय राहिली. उंच चाकाच्या जुन्या सायकलींना चढायची पायरी डावीकडेच असे. पुढे साखळीची सायकल आली, तिची साखळी उजवीकडे गेली, आणि धोतर-पायजम्याला वंगणाचे डाग नकोत म्हणून सायकल हातात धरून चालणारा डावीकडूनच चालू लागला. आपल्यातल्या कितीतरी जणांनी लहानपणी भाड्याच्या सायकलीवर हाफ पायडल मारलं आहे. डावा पाय डाव्या पायडलवर, उजवा पाय दांडीखालून पलीकडे, अंग वाकडं आणि गुडघे फुटलेले. मोटारसायकल हातात येण्याआधी कितीतरी वर्षं शरीर डावी बाजू शिकून बसलेलं असतं. गंमत अशी, की मोटारसायकलीची साखळी बहुतेक गाड्यांत डावीकडे असते. म्हणजे सायकलीचं कारण इथं लागूच पडत नाही, तरी बाजू तीच राहिली.

चेतक स्कूटरचं नाव राणा प्रतापांच्या घोड्यावरून आलं, पण तिच्यावर मांड ठोकायची गरजच नव्हती. 1972 साली आलेल्या या पुण्याच्या गाडीचा घाट व्हेस्पाचा, म्हणजे पुढून पाय आत टाकायचा. तिचा मूळ स्टँड मधला होता, कललेला नव्हे. इंजिन उजव्या पोटात, किकही उजवीकडेच. तरीही लोक बसायचे डावीकडून. जुन्या बुलेटचंही तसंच. तिचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात होता. 1970च्या दशकात अमेरिकेनं गिअर डावीकडे आणि ब्रेक उजवीकडे असण्याचा नियम केला आणि जगभरच्या कंपन्या त्या वळणावर गेल्या. चेन्नईच्या बुलेटनं मात्र उजवा गिअर नव्या शतकातही काही वर्षं टिकवला. ज्यांनी दोन्ही चालवल्या त्यांना विचारा, घाईत ब्रेक समजून गिअर दाबला नाही असा माणूस विरळा. पण पायांची कामं अदलाबदल झाली तरी बसायची बाजू हलली नाही, कारण स्टँड हलला नाही.

बसायचं कसं, ते सावकाश पाहू. गाडीच्या डाव्या अंगाला, सीटपेक्षा जरा पुढे, हँडलला लागून उभे राहा. दोन्ही हात हँडलवर आणि उजव्या हाताची बोटं पुढच्या ब्रेकवर. हा ब्रेक दाबून धरणं ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि नेमकी तीच कुणी शिकवत नाही. ब्रेक दाबलेला असला की गाडी पुढे-मागे सरकत नाही, आणि गाडी सरकली नाही तर स्टँड दगा देत नाही. डावा पाय जमिनीवर घट्ट ठेवा, अंग किंचित पुढे झुकवा आणि उजवा गुडघा आधी वाकवून मग टांग टाका. सरळ ताठ पाय फिरवला की तो मागच्या बॅगेला, डबा अडकवलेल्या हुकाला किंवा मागे बसलेल्याच्या बरगडीला लागतो. सीटवर टेकलात की दोन्ही पाय जमिनीवर, गाडी सरळ, आणि मगच डाव्या टाचेनं स्टँड मागे. काही जण डाव्या फूटरेस्टवर उभं राहून, रिकिबीत पाय दिल्यासारखं, वर चढतात. दिसायला ऐट आहे, पण सगळं वजन त्या एका स्टँडवर येतं. रोज असं केलं की स्टँड वाकतो, गाडी पहिल्यापेक्षा जास्त कलायला लागते, आणि मेकॅनिक वेल्डिंगचे पैसे घेतो.

उतरताना हेच उलट्या क्रमानं, पण एक गोष्ट आधी: आरसा. मागून कुणी डाव्या बाजूनं घुसत नाही ना, ते पाहा, आपल्याकडे घुसतात. मग स्टँड डाव्या पायानं पुढे ढकला, पूर्ण, अडेपर्यंत. अर्धवट उघडलेला स्टँड लागल्यासारखा वाटतो, पण भार पडला की मिटतो. गाडी स्टँडवर टेकल्याचं हातांना जाणवलं की हँडल डावीकडे वळवा, आणि पुढचा ब्रेक न सोडता टांग काढा.

उतारावर खरी परीक्षा. साइड स्टँड उघडतो पुढच्या दिशेनं आणि मिटतो मागे. म्हणजे उभी गाडी पुढे घरंगळली की स्टँड आपोआप मिटतो आणि गाडी आडवी. ताम्हिणी घाटात एका चहाच्या टपरीसमोर मी गाडी तोंड उताराकडे करून, न्यूट्रलमध्ये लावली होती. चहाचा पहिला घोट घेईपर्यंत ती सावकाश दोन हात पुढे सरकली आणि अलगद डाव्या कुशीवर पडली. क्लचची दांडी मोडली. टपरीवाल्यानं फक्त एवढंच विचारलं, "गिअरमध्ये नव्हती का?" तेव्हापासून तोंड चढाकडे आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये, हा नेम मी मोडलेला नाही.

रस्त्याच्या कडेला वेगळी गंमत असते. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडांना उतरता असतो. डाव्या कडेला गाडी लावली की स्टँडखालची जमीन चाकांपेक्षा खाली जाते आणि गाडी नको तितकी कलते. उलट स्टँडखाली उंचवटा आला, तर ती जवळजवळ सरळ उभी राहते, आणि मग शेजारून जाणाऱ्या माणसाच्या पिशवीचा धक्काही तिला उजवीकडे पाडायला पुरतो. पावसाळ्यात चिखलात आणि विदर्भातल्या मे महिन्यात मऊ झालेल्या डांबरात स्टँडचं टोक रुतत जातं. गाडी लावताना ठीक दिसते, तासाभरानं पडलेली सापडते. त्यावर फरशीचा एक चपटा तुकडा पुरतो. माझ्या डिकीत तो कायम असतो आणि घरचे त्यावर हसतात.

मागे बसणाऱ्याचा मुद्दा मोठा आहे, कारण आपल्याकडे गाडीवर एकटा माणूस क्वचितच असतो. नियम साधा: मागचा शेवटी बसतो आणि आधी उतरतो. चालवणाऱ्यानं दोन्ही पाय टेकून, ब्रेक दाबून "बस" म्हणेपर्यंत मागच्यानं पाय उचलायचा नाही. मागचा डाव्या फूटरेस्टवर पाय देतो तेव्हा गाडी जोरात डावीकडे खेचली जाते. चालवणारा बेसावध असला तर दोघंही खाली. गोव्यात पिवळ्या-काळ्या मोटारसायकलींवर भाड्यानं प्रवासी नेणारे 'पायलट' असतात. त्यांना दिवसातून कितीतरी अनोळखी माणसं मागे घ्यावी लागतात, कुणी सडपातळ, कुणी हातात माशांची पिशवी घेतलेलं. गिऱ्हाईक चढताना पायलटच्या मांड्या पाहा: दोन्ही पाय रुंद, गुडघे ताठ, गाडी तसूभरही हलत नाही.

साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्या बायका डावीकडेच पाय सोडतात, तेही विचाराअंती योग्य आहे. आपली वाहतूक डावीकडून चालते, म्हणजे पाय रस्त्याच्या कडेला राहतात, ओलांडून जाणाऱ्या ट्रकच्या बाजूला नाही. बहुतेक गाड्यांचा तापलेला सायलेन्सर उजवीकडे असतो, तोही टळतो. पण पदर मागच्या चाकाजवळ येतो, म्हणून तिथं साडी गार्ड. तो हौसेचा दागिना नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123वा नियम मागच्या प्रवाशासाठी पकडायची मूठ, फूटरेस्ट आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण मागतो. गाडी देखणी दिसावी म्हणून गार्ड काढून टाकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

उजवीकडून बसणं म्हणजे गुन्हा नव्हे. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्याला त्या पायावर सगळा भार देणं झेपत नाही. कधी डावीकडे गटार असतं, कधी भिंत. अशा वेळी गाडी मेन स्टँडवर असली तर ती सरळ उभी असते आणि दोन्ही बाजू सारख्याच. अमेरिका-जर्मनीत राहणाऱ्या आपल्या लोकांची अडचण वेगळीच: तिथं वाहतूक उजवीकडून, पण स्टँड डावीकडेच. म्हणजे कडेला थांबून उतरायचं तर पाय वाहत्या रस्त्यात. आपल्या बाबतीत स्टँड आणि फुटपाथ एकाच बाजूला आले, हे आपलं नशीब.

भाची आता व्यवस्थित बसते, पण स्टँड विसरते. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद पडतं; तिची गाडी जुनी आहे. खाली राहिलेला स्टँड सरळ रस्त्यावर काही करत नाही. गाडी डाव्या वळणात कलली की तो जमिनीला टेकतो, मागचं चाक उचलतो आणि चालवणाऱ्याला फेकतो. म्हणून एक विनंती. कुणाचा स्टँड खाली दिसला तर नुसता हॉर्न वाजवू नका. हॉर्न ऐकून माणूस वाट द्यायला डावीकडेच वळतो. मोठ्यानं "स्टँड!" म्हणा आणि हातानं खाली दाखवा.