अखंड नोंदींचे मोल



वातावरणाच्या अत्युच्च थरांच्या संशोधनावर सरकारने पैसा का खर्चावा, असे मला पुष्कळदा विचारले जाते. शाळांना छप्पर नाही, गावांना पाणी नाही, मग शंभर किलोमीटर उंचीवरील विरळ हवेची चौकशी कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेच्या इतिहासातून देऊ इच्छितो.

ही वेधशाळा १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने उभारली. १८४१ पासून तेथे चुंबकसूचीच्या हालचालींची नोंद होऊ लागली. सूची जमिनीवर असली तरी ती वरच्या हवेची वार्ता सांगते. सूर्यकिरणांनी विद्युद्भारित झालेल्या त्या थरांतून विद्युत्प्रवाह वाहतात आणि सूची रोज किंचित हलते. हा विचार बाल्फोर स्ट्युअर्ट यांनी १८८२ मध्ये मांडला.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येण्याचे ठरले. त्यांच्या विद्युत्प्रवाहाने नोंदी बिघडल्या असत्या. म्हणून नानाभाई मूस यांच्या कारकीर्दीत अलिबागला नवी वेधशाळा झाली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. एकाच कामासाठी हा दुहेरी खर्च होता. परंतु त्यामुळेच जुनी व नवी मालिका सांधली गेली.

या चिकाटीचे फळ फार उशिरा मिळाले. २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरील उद्रेकामुळे प्रचंड चुंबकीय वादळ झाले होते. त्याची कुलाब्यातील नोंद भारतीय व परदेशी शास्त्रज्ञांनी २००३ साली अभ्यासली, तेव्हा तेथील चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घटल्याचे दिसले. अशा वादळांची भीती काल्पनिक नाही. मार्च १९८९ मध्ये त्याहून सौम्य वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील सुमारे साठ लाख लोकांची वीज नऊ तास गेली होती. वीजवाहिन्या व उपग्रह किती भक्कम असावेत, हे ठरवताना १८५९ ची ती नोंद आज कामी येते.

संशोधनाचे अनुदान बहुधा दोन-तीन वर्षांच्या मुदतीने मिळते आणि मुदतीअखेर निष्कर्ष मागितला जातो. वेधशाळेचे काम या चौकटीत बसत नाही. यंत्र पुढच्या वर्षीही घेता येईल. हुकलेल्या वर्षाची नोंद मात्र कोणत्याही किमतीला मिळणार नाही. आपल्यापैकी जे उद्या अंदाजपत्रकांवर सही करतील, त्यांनी अशा कामासाठी लहानशी का होईना, पण कायमची तरतूद राखावी, एवढीच माझी विनंती आहे.