पृथक् घटना प्रणालींचे मर्यादित पूर्वावलोकन नियंत्रण
ज्या प्रणालीची अवस्था सलगपणे न बदलता सुट्या घटनांनी बदलते, ती पृथक् घटना प्रणाली होय. पी. जे. रॅमेज व डब्ल्यू. एम. वॉनम यांच्या १९८७ मधील सिद्धांतानुसार पर्यवेक्षक यंत्र सुरू होणे रोखू शकतो. त्याचा बिघाड अनियंत्रणीय असतो. थांबलेले, चालू व बिघडलेले अशा ३ अवस्थांच्या १० यंत्रांच्या एकत्रित अवस्था ५९,०४९ होऊ शकतात. यंत्रे वाढताच संपूर्ण नियंत्रण आधी आखणे अशक्यप्राय होते. म्हणून १९९२ मध्ये एस. एल. चुंग, एस. लाफॉर्च्यून व एफ. लिन यांनी सुचविलेल्या पद्धतीत प्रत्येक घटनेनंतर पुढील ठराविक टप्पेच तपासतात. त्यांपलीकडचे सर्व निषिद्ध मानल्यास नियंत्रण अनावश्यक कडक होते. अनुज्ञेय मानल्यास अनियंत्रणीय घटना प्रणालीस निषिद्ध अवस्थेत नेऊ शकते. टप्पे वाढविल्यास हे दोष घटतात. आकडेमोड मात्र वाढते.