गोंदण कुणाच्या नावाचं?

खूण आणि श्रद्धा : लेखांक ९

मागच्या लेखांकात कुंकू आणि मंगळसूत्र पाहिलं. ख्रिस्ती झालेल्या बाईने ते ठेवावं की नाही, यावर घराघरांत वाद झाले. पण कुंकू पुसता येतं, मंगळसूत्र काढून पेटीत ठेवता येतं. गोंदणाचं तसं नाही. एकदा कातड्याखाली गेलं की ते चितेपर्यंत किंवा कबरीपर्यंत सोबत असतं. म्हणून हा प्रश्न जरा वेगळा.

वर्धा जिल्ह्यात सत्तरी ओलांडलेल्या बायांचे हात पाहा. गोंड-कोलामांच्या पोडावर आणि कुणब्या-तेल्यांच्या घरांतही कपाळावर टिकली, हनुवटीवर ठिपका, दंडावर तुळस नाही तर विंचू दिसतो. गोंदणारीण दारात यायची. तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या, वाटीत दिव्याची काजळी, कुठे ती अंगावरच्या दुधात कालवलेली, कुठे पाल्याच्या रसात. पोरीला दोघीजणी धरून ठेवायच्या, गोंदणारीण गाणं म्हणत टोचत जायची. मग हळद-तेल. हात सुजायचा, खपली पडायची आणि खाली निळसर-हिरवी नक्षी उरायची. एवढं सोसायचं कशासाठी, याचं उत्तर म्हाताऱ्या बाया एका दमात देतात : सारं इथंच रायते, गोंदन तेवढं संग येते.

हे वाक्य लक्षात ठेवा. आजच्या प्रश्नाची किल्ली त्यात आहे.

आता दुसरा हात. कॉलेजातला ख्रिस्ती मुलगा, मनगटावर क्रूस काढून हवा म्हणतो. घरात लगेच बायबल उघडलं जातं : लेवीय, अध्याय १९, वचन २८. मृतांसाठी अंगावर जखमा करू नका आणि अंग गोंदवून घेऊ नका, असा त्याचा आशय. मराठी वाचकाला इथे दुसरा अर्थ सुचतच नाही, कारण शब्दच आजीच्या हातावरचा आहे. मूळ हिब्रूत मात्र या खुणेसाठी वापरलेला शब्द जुन्या करारात या एकाच ठिकाणी येतो. ताडून पाहायला दुसरी जागा नसल्यामुळे तो नेमका सुईच्या गोंदणाबद्दल आहे, डागण्याबद्दल आहे की रंगाने रेखाटण्याबद्दल, यावर अभ्यासकांचा काथ्याकूट चालूच आहे. वचनाचा पूर्वार्ध मात्र स्पष्ट आहे : विषय आहे मेलेल्यांसाठी करायच्या विधींचा, आजूबाजूच्या लोकांच्या रीती उचलण्याचा.

शिवाय त्याच अध्यायात, अगदी आधीच्या वचनात, दाढीच्या कडा कापायची मनाई आहे. त्याच्याही वर दोन जातींच्या सुताचं कापड घालू नका असं आहे. टेरिकॉटचा सदरा घालून, दाढी कोरून २८ वं वचन वाचून दाखवणाऱ्या काकांना हे सांगायला हरकत नाही. पहिल्याच पिढीतल्या चर्चने हा पेच सोडवला होता. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५ : यहुदी नसलेल्या विश्वासूंवर मोशेच्या नियमशास्त्राचं सगळं ओझं लादायचं नाही, असं यरुशलेमच्या सभेत ठरलं.

दुसरा आक्षेप येतो तो शरीर हे देवाचं मंदिर असल्याचा. तो करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातला. पण तिथे पौल व्यभिचाराबद्दल बोलतो आहे, कातडीच्या रंगाबद्दल नाही.

इतिहासही एका बाजूचा नाही. इ.स. ३१६ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने शिक्षा झालेल्यांच्या चेहऱ्यावर खूण करायला बंदी घातली. चेहरा देवाच्या प्रतिरूपाचा आहे, हात-पोटऱ्यांवर चालेल, असा त्याचा युक्तिवाद. ७८७ मध्ये इंग्लंडमधल्या धर्मसभेच्या वृत्तांतात मूर्तिपूजकांच्या रीतीने गोंदवण्याचा निषेध आहे, पण देवासाठी कुणी हे सोसलं तर ते स्तुत्य ठरेल असंही नोंदलं आहे. इजिप्तमधले कॉप्टिक ख्रिस्ती आजही उजव्या मनगटावर छोटा क्रूस गोंदवतात. यरुशलेममध्ये रझूक नावाचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंना गोंदवतं. त्यांच्याकडे लाकडी ठसे आहेत, ठसा आधी हातावर उमटवायचा आणि मग त्या रेषेवरून सुई चालवायची. आपल्या जत्रेतला गोंदणवाला छापील नमुन्यांची पाटी समोर मांडून बसतो, त्यातलाच प्रकार. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही तरुणांच्या सभेत टॅटूला घाबरू नका असं सांगितलं, आणि दाखला दिला तो कपाळावर क्रूस गोंदवणाऱ्या एरिट्रियाच्या ख्रिस्ती लोकांचा.

मग टक्कर कुठेच नाही? आहे. पण ती शाईशी नाही, म्हातारीच्या त्या वाक्याशी आहे. गोंदण संग येते, म्हणजे वर गेल्यावर दाखवायची खूण आपण कातड्यावर घेऊन जातो. ख्रिस्ती श्रद्धा नेमकं हेच नाकारते. तारण कृपेने मिळतं, पावती दाखवून नाही. आणि ही कसोटी एकदा मान्य केली की ती तुळशीला लावायची आणि क्रूसाला नाही, असं चालत नाही. परीक्षेत पास व्हावं, गाडीला अपघात होऊ नये म्हणून मनगटावर काढलेला क्रूस हा ताईतच. उलट, लहानपणी दोघींनी धरून ठेवलेल्या पोरीच्या दंडावरची तुळस पुढे बाप्तिस्म्याच्या आड येत नाही. ती तिची निवडच नव्हती.

खूण आणि श्रद्धा एकच नसतात, याचे वर्ध्यातच दोन दाखले आहेत. १९४२ मध्ये लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार सेवाग्रामला राहिला. गांधीजींच्या कुटीत मातीच्या भिंतीवर त्याला एकच तसबीर दिसली : येशूची, खाली बायबलमधल्या ओळीसह. राहणारा ख्रिस्ती नव्हता. तिथून जवळच वर्धा शहरात मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा राहत. ते तंजावरच्या ख्रिस्ती घरातले. कॉर्नेलियस हे आडनाव सोडून त्यांनी घराण्याचं जुनं नाव लावलं, खादी नेसली, ग्रामोद्योगाला वाहून घेतलं. वरवर पाहणाऱ्याला ख्रिस्तीपणाची खूणच दिसू नये. त्याच माणसाने तुरुंगात बसून येशूच्या शिकवणुकीवर पुस्तक लिहिलं. १९४५ मध्ये ते निघालं. एकीकडे खूण होती, धर्म नव्हता. दुसरीकडे धर्म होता, खूण नव्हती.

तेव्हा त्या मुलाला घरच्यांनी वचन दाखवण्याआधी एकच विचारावं : बाबू, हे पुसलं गेलं तर तुझं काय जाईल? ‘काहीच नाही’ असं तो म्हणाला, तर धर्माची अडचण उरत नाही. सुई नवी आहे ना एवढं पाहावं. उत्तराला वेळ लागला, तर त्याला आजीशेजारी बसवावं. तिच्या हातावरची तुळस आणि त्याचा क्रूस, दोन्ही एकाच भीतीतून आलेत का, हे त्या दोघांनाच ठरवता येईल.

पुढच्या आठवड्यात : कुमारप्पांनी सोडलेलं आडनाव, आणि बाप्तिस्म्याला नवं नाव घ्यावंच लागतं का?